डॉर्सी प्रुइटचं चौदावं गाव

माझ्या तळघरात आजवर पाच क्वार्टरबॅक राहून गेले. पहिला दिवसभर पडद्यावरच्या राक्षसांना गोळ्या घालत बसायचा. दुसऱ्यानं माझं कपडे वाळवायचं मशीन जाळलं. तिसरा माझ्या भाचीच्या प्रेमात पडला आणि चौथ्याचं नाव आता आठवत नाही. पाचवा डॉर्सी प्रुइट. त्याच्याबद्दल लिहायला बसले, कारण सध्या वेस्लरमधला जो तो त्याची गोष्ट सांगतोय आणि जो तो चुकीची सांगतोय. चुकीची गोष्ट मला ऐकवत नाही. पस्तीस वर्षं शाळेची बस चालवली की स्वभाव असा होतो.

मी व्हर्ना पोस्पिशिल. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून वेस्लर वॉरहॉग्ज या आमच्या फुटबॉल संघाची बस चालवायला लागले. वॉरहॉग म्हणजे रानडुक्कर. आमच्या नेब्रास्कात माणसांपेक्षा डुकरं जास्त असतील, पण सगळी पाळलेली. रानातलं एकही नाही. नाव ठेवलं लायल फ्रीसनं. तो संघाचा मालक, आणि त्याचं गाद्यांचं दुकान आहे. करारावर सही केली की तो प्रत्येक खेळाडूला एक गादी देतो आणि हंगाम संपला की परत नेतो. त्या गाद्यांचं पुढे तो काय करतो हे मी विचारत नाही, आणि त्याच्या दुकानातून गादीही घेत नाही.

हा फुटबॉल अमेरिकन, चेंडू हातानं फेकायचा-झेलायचा, आणि तोही छपराखालचा. क्वार्टरबॅक म्हणजे डाव ठरवून चेंडू फेकणारा. टीव्हीवर दिसतो तो अकरा-अकरा जणांचा, कोट्यधीशांचा. आमचे आठ-आठ जण खेळतात, जत्रेच्या आवारातल्या मोठ्या हॉलमध्ये. तिथे हिवाळ्यात बर्फावरची हॉकी असते, शरदात गुरांचं प्रदर्शन असतं आणि मार्च ते जून आम्ही असतो. बर्फावर फळ्या, फळ्यांवर हिरवा गालिचा. गालिचा ओला झाला की गेल्या वर्षीच्या बैलांची आठवण येते. मैदान टीव्हीवरच्याच्या निम्मं, आणि चहूबाजूंनी कमरेएवढी भिंत. भिंतीला लागूनच लोक बसतात. एखाद्या खेळाडूला जोरात ढकललं की तो भिंतीवरून थेट कुणाच्या तरी मांडीवर जाऊन पडतो. आणि चेंडू भिंतीपलीकडे गेला की ज्याच्या हातात पडला त्याचा. तो परत मागायचा नाही, हा आमच्याकडचा दंडक आहे.

डॉर्सी आला एप्रिलमध्ये, हंगामाचे तीन सामने होऊन गेल्यावर. आमचा आधीचा क्वार्टरबॅक बहिणीच्या लग्नात नाचताना पाय मुरगळून बसला होता. लायलनं फोन केला आणि डॉर्सी अकरा तास गाडी चालवून दारात हजर. वय सदतीस. या खेळात सदतीस म्हणजे आमच्या धंद्यात नव्वद. उंच, रुंद खांद्यांचा, सावळा आणि उजव्या गुडघ्यात दर पावलाला एक 'टक्' असा आवाज. मूळचा टेक्सास-अर्कान्सॉच्या सीमेवरचा, त्यामुळे बोलण्यात दक्षिणेकडची अदब.

"मिस व्हर्ना, बूट बाहेरच काढू ना?"

आधीच्या चौघांपैकी एकानंही हा प्रश्न विचारला नव्हता. मी त्याला आत घेतलं, वाटीभर मांसाची झणझणीत चिली आणि तिच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल वाढला. टेक्सासच्या माणसाला चिलीबरोबर गोड रोल दिला की तो एक तर हसतो नाहीतर चिडतो. हा गप्प खात राहिला. संपल्यावर म्हणाला, "हे पाप आहे, मिस व्हर्ना. अजून आहे का?"

वेस्लर हे त्याचं चौदावं गाव. तेरा गावांची तेरा जाकिटं त्याच्या व्हॅनमध्ये मागच्या दांडीवर टांगलेली होती आणि प्रत्येकामागे एक कथा होती. एका संघानं त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं आणि बदल्यात वापरलेला हिरवा गालिचा घेतला. "पूर्ण मैदानाचा तरी असावा की नाही?" तो मला सांगायचा. "पंधरा यार्डांचा तुकडा! त्यालाही मधे भोक." एका गावात मध्यंतरातच संघ बुडाला. खेळाडू पाणी प्यायला आत गेले आणि बाहेर आले तर दिवे बंद, मालक गायब, आणि प्रेक्षक आपापल्या फोनच्या उजेडात दार शोधतायत. एका लीगमध्ये तो वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण ट्रॉफीवर नाव कोरण्याआधी लीगच बंद पडली. ट्रॉफी मिळाली, नावाची जागा कोरी. ओक्लाहोमातल्या एका गावात तो एका दातांच्या डॉक्टरच्या जाहिरातीत हसत उभा होता. त्याला संघातून काढल्यावरही फलक उतरवायला कुणाला सवड झाली नाही. "मी गाव सोडून चार वर्षं झाली," तो म्हणायचा, "माझे दात अजून तिथेच आहेत."

हसवायचा. माझा नवरा गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात मी कधी हसले नव्हते.

पण रविवारी चर्चहून आल्यावर त्याचा फोन वाजायचा, आणि तेव्हा तो तळघरात जायचा नाही. खाली फोन लागत नाही. माझ्याच टेबलाशी बसून, फोनचा आवाज मोठा ठेवून बोलायचा आणि मी भांडी घासत दोन्हीकडचं ऐकायचे. मी काही कान बंद करून भांडी घासू शकत नाही. पलीकडे असायची त्याची बायको रेनिटा. ती त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीला, केझियाला घेऊन सहा वर्षं टेक्सासमध्ये आईकडे राहत होती.

"किती टाके?" रेनिटानं पहिल्याच रविवारी विचारलं.

"कुठे काय टाके?"

"डॉर्सी."

"तीन. हनुवटीला. पण दाढीत दिसत नाहीत."

पहिली आठ गावं रेनिटा त्याच्याबरोबर फिरली होती. आठ राज्यं, आठ भाड्याची घरं, आठ नोकऱ्या. नवव्या गावाला तिनं नाही म्हटलं. भांडण झालं नाही, त्यानंच मला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मी रागावले नाहीये, दमलेय. दर वर्षी नव्या राज्यात गाडीचा परवाना काढायच्या रांगेत मी आता उभी राहणार नाही. तू एक गाव धर. ज्या दिवशी धरशील त्या दिवशी आम्ही दोघी येतो." सहा वर्षं तो एक गाव धरायला बघत होता, आणि दर वर्षी गावच त्याच्या हातातून निसटत होतं.

आणि मग मे महिन्यात क्लेटन क्रीकच्या शाळेत जागा निघाली.

क्लेटन क्रीक म्हणजे वेस्लरच्या दक्षिणेला शेतावरच्या पोरांची शाळा. मी जिची बस चालवली ती हीच. मुलं इतकी कमी की अकरा जणांचा संघ होतच नाही. तिथे आठ-आठ जणांचाच फुटबॉल खेळतात. त्यांचा प्रशिक्षक बड गुडघ्यांपायी घरी बसला होता. जागा होती प्रशिक्षकाची, जोडीला सकाळ-संध्याकाळ बस चालवायची आणि मैदानाचं गवत कापायचं. आठ जणांच्या फुटबॉलमध्ये पंधरा वर्षं घालवलेला माणूस माझ्या तळघरात झोपत होता. मीच अर्ज आणला आणि मीच त्याच्यासमोर ठेवला.

अर्जात एक रकाना होता : मागील नोकऱ्या. रकान्यात तीन ओळी होत्या. डॉर्सीनं कागद उलटा केला आणि मागच्या पानावर लिहायला घेतलं.

शाळेच्या मंडळात सात जण. अध्यक्ष डेल्बर्ट ओल्तमन्स हा मक्याचा शेतकरी. वॉरहॉग्जच्या सामन्याला भिंतीला लागून पहिल्या रांगेत त्याची आणि बायकोची ठरलेली खुर्ची. त्याला डॉर्सी आवडायचा. पण मंडळात जॉयस कडलेकही होती आणि जॉयसला एक भाचा होता. भाच्याची पात्रता अशी की तो टीव्हीवर पुष्कळ फुटबॉल बघतो.

"माणूस चांगला आहे गं," दुकानात मला गाठून जॉयस म्हणाली, "पण चौदा गावं! नाताळपर्यंत तरी टिकेल का इथे?"

"तुझा भाचा टिकेल," मी म्हटलं. "त्याला सोफ्यावरून उठवायला क्रेन लागते."

निर्णय जूनच्या दुसऱ्या मंगळवारच्या सभेत होणार होता. त्याच्या दहा दिवस आधी, शनिवारी, आमचा शेवटचा सामना हॉल्ब्रिज हॉर्नेट्सशी. हॉल्ब्रिज म्हणजे डॉर्सीचं तेरावं गाव. गेल्या वर्षी तो त्यांच्याकडून खेळला होता.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आमच्या हॉलमध्ये इतका गोंगाट असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून क्वार्टरबॅक खुणा करतो. कान धरला की एक अर्थ, छातीवर थाप मारली की दुसरा. त्या खुणा बघून चेंडू झेलणारे कुठे पळायचं ते ठरवतात. प्रत्येक संघाच्या खुणा वेगळ्या. आमच्याकडे शिरस्त्राणावर दोनदा टकटक केलं की सगळ्यांनी डाव्या कोपऱ्याकडे पळायचं. हॉल्ब्रिजकडे त्याच टकटकीला उजवा कोपरा. डॉर्सीच्या डोक्यात चौदा संघांच्या खुणा होत्या. आंघोळीच्या वेळीसुद्धा तो त्या पाठ करायचा. मला वरपर्यंत टकटक ऐकू यायची.

सामना शेवटच्या सात सेकंदांवर आला तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो. चेंडू त्यांच्या रेषेपासून बारा यार्डांवर. रेषा ओलांडली की सहा गुण. एकच डाव शिल्लक. मी आमच्या बाकाच्या मागे बसते. बसवालीला तेवढा मान आहे. चेंडू झेलणारा टेव्हियन नावाचा बावीस वर्षांचा पोरगा ओरडत होता, "आजोबा, बोला! कुठे पळू? काठी आणू का तुमची?" सगळा संघ डॉर्सीला आजोबाच म्हणायचा.

डॉर्सीनं हात वर केला आणि शिरस्त्राणावर टकटक केलं, दोनदा.

चेंडू हातात आला. हॉल्ब्रिजचे सगळेच्या सगळे बचावपटू उजव्या कोपऱ्याकडे सुसाट पळाले. त्यांच्या प्रशिक्षकानं गेल्या वर्षीच्या खुणा बदलल्याच नव्हत्या, त्यामुळे ही खूण त्यांना चांगली माहीत होती. डॉर्सीही उजवीकडेच बघत होता. तिथे आमचा एकही माणूस नव्हता. मी त्याचा चेहरा पाहिला. माझ्या बसमध्ये एखादं पोरगं वाटेत डोळा लागून दचकून जागं व्हायचं आणि खिडकीबाहेर बघायचं, तसा चेहरा. समोरून दीडशे किलोचा एक हॉर्नेट येत होता. डॉर्सीनं मान वळवली, तर डाव्या कोपऱ्यात टेव्हियन मोकळा उभा राहून दोन्ही हात हलवत होता. डॉर्सीनं पडता पडता फेकला. टेव्हियननं उडी मारून झेलला, झेलून रेषेपार झाला आणि थांबता न आल्यामुळे भिंतीवरून डेल्बर्टच्या मांडीवर.

डेल्बर्टच्या मांडीवर त्या वेळी चीज घातलेले नाचोज होते.

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. टेव्हियन चीजनं माखून उठला. डेल्बर्ट चीजनं माखून, चेंडू पोटाशी धरून, खुर्चीवर उभा राहिला आणि दंडकाप्रमाणे तो आपलाच असल्याचं सगळ्यांना दाखवत सुटला. सामना संपल्यावर आमच्याकडे लोक मैदानात उतरतात आणि दोन्ही संघ सह्या देत उभे राहतात. तिथे हॉल्ब्रिजचा प्रशिक्षक डॉर्सीचा हात दाबून म्हणाला, "आमच्याच खुणेनं आम्हाला गंडवलंस! एवढं डोकं गेल्या वर्षी कुठे ठेवलं होतंस रे?" डेल्बर्ट शेजारीच होता. त्यानं ते ऐकलं, आणि त्या क्षणापासून ती गोष्ट त्याची झाली.

डॉर्सीनं नुसत्या सह्या दिल्या. घरी आल्यावर त्यानं रोलही मागितला नाही. टेबलाशी बसला, गुडघ्यावर बर्फाची पिशवी.

"मिस व्हर्ना, मी काही गंडवलं नाही कुणाला."

"म्हणजे?"

"मला वाटलं मी हॉल्ब्रिजमध्ये आहे."

मी चमचा खाली ठेवला.

"समोर त्यांचे पिवळे शर्ट दिसले. मागून टेव्हियन ओरडत होता. डोक्यात गेलं वर्ष सुरू झालं. मी त्यांचीच खूण केली. उजवीकडे फेकायचं होतं मला. मी कुठल्या गावात आहे तेच विसरलो."

"हे तू आणखी कुणाला बोललास?"

"नाही."

"मग आता बोलूही नकोस. टाके पडलेल्या त्या तोंडात रोल घाल आणि झोप. तुझी बायको-पोरगी तिकडे आहेत. डेल्बर्टला वाटतंय तू हुशार आहेस, तर वाटू दे."

"मला खोटं बोलता येत नाही, मिस व्हर्ना."

"बोलायचं कुठे आहे? नुसतं मान डोलवायचं."

हे मी सांगितलं, आणि आज लाज न बाळगता लिहिते आहे. मला ते घर पुन्हा रिकामं नको होतं.

पुढचे नऊ दिवस डेल्बर्टनं गोष्ट वाढवत नेली. सोमवारी कॉफीच्या दुकानात डॉर्सीनं हा डाव आदल्या बुधवारी आखला होता. गुरुवारपर्यंत तो गेल्या वर्षीच, हॉल्ब्रिजमध्ये असतानाच आखलेला झाला. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर डेल्बर्ट शपथेवर सांगत होता की डॉर्सीनं फेकण्याआधी आपल्याला डोळा मारला. स्थानिक वर्तमानपत्रानं 'वेस्लरचा बुद्धिबळपटू' असा मथळा दिला. डेल्बर्टनं चेंडूसाठी अक्रोडाच्या लाकडाची बैठक करून घेतली आणि तिच्यावर पितळी पाटी ठोकली : 'बुद्धीचा विजय'. रस्त्यात लोक डॉर्सीला बघून शिरस्त्राण नसलेल्या डोक्यावर दोनदा टकटक करायचे आणि तो मान डोलवायचा. मी शिकवल्याप्रमाणे. प्रत्येक वेळी त्याची मान जास्त खाली जायची.

मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या वाचनालयात सभा भरली. जूनचं ऊन अजून खिडक्यांत होतं. सात जण लांब टेबलाशी, मधोमध डेल्बर्ट, त्याच्यापुढे चेंडू. हो, तो चेंडू घेऊन आला होता. गावकरी वीसेक, पहिलीच्या पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर. डॉर्सी निळ्या कोटात. त्याचे गुडघे हनुवटीला टेकत होते.

"तुझा अर्ज सगळ्यांनी वाचलाय," डेल्बर्ट म्हणाला, "दोन्ही बाजूंनी. मी एकच प्रश्न विचारतो, म्हणजे मंडळाला तुझ्याच तोंडून ऐकायला मिळेल. तो शेवटचा डाव तुला सुचला कसा?"

डॉर्सी उभा राहिला. गुडघा टक् वाजला.

"तो डाव मी बुधवारी..." तो म्हणाला आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. मी मान डोलवली. त्यानं नजर काढून घेतली.

"नाही सुचला, साहेब. मी विसरलो. मला वाटलं मी अजून हॉल्ब्रिजकडून खेळतोय. खूण त्यांची झाली, पळाले तुमचे, आणि टेव्हियन दिसला हे माझं नशीब. मी कुठल्या गावात आहे तेच माझ्या ध्यानात राहिलं नाही. तुमच्या मुलांना मी रोज सांगणार की चूक झाली तर हात वर करा. म्हणून मी आज करतोय."

आणि खरंच हात वर करून उभा राहिला, तो एवढा मोठा माणूस.

डेल्बर्टचा चेहरा उतरला. नऊ दिवस गावभर सांगितलेली गोष्ट त्याच्या हातातून गेली होती, आणि पितळी पाटी तर समोरच होती.

"डोळा?" तो हळूच म्हणाला. "तू मला डोळा मारला नव्हतास?"

"डोळ्यात घाम गेला होता, साहेब."

जॉयसनं चष्मा नीट केला. "मला वाईट वाटतं," ती म्हणाली, आणि तिला अजिबात वाटत नव्हतं, "पण जो माणूस दोन महिने राहून गावाचं नाव विसरतो, त्याच्या हाती आपण पोरांची बस द्यायची? तो त्यांना हॉल्ब्रिजला नेऊन सोडेल."

दोघं-तिघं हसले. डॉर्सी हात खाली घेऊन बसला.

आमच्या सभेत गावकऱ्यांना बोलायला तीन-तीन मिनिटं मिळतात. चिटणीस अंडी उकडायचं घड्याळ लावते. मी उठले.

"व्हर्ना, विषयाला धरून," डेल्बर्ट म्हणाला.

"तुला धरून बोलते. या टेबलाशी बसलेल्या सातांपैकी पाच जणांना मी शाळेत आणलंय. कोण कुठल्या सीटवर ओकलं ते मला माहीत आहे, जॉयस, तेव्हा माझं बोलणं पुरं होऊ दे. डेल्बर्ट, तू पहिलीत होतास. सप्टेंबर महिनाभर तू चुकीच्या थांब्यावर उतरत होतास. आठवतंय?"

"सहा वर्षांचा होतो मी!"

"तुला घर माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण त्या महिन्यात तुझी आई दवाखान्यात होती आणि बाप शेतात. तुझ्या थांब्यावर कुणी उभं नसायचं. आधीच्या थांब्यावर हेनेबर्गबाई आपल्या पोरांसाठी उभ्या असायच्या. त्यांना बघून तू उतरायचास. रोज मी तुला परत बसमध्ये घ्यायचे आणि रोज तू म्हणायचास, चुकलो. आई घरी आली, थांब्यावर उभी राहिली, त्यानंतर बारावीपर्यंत एकदाही चुकला नाहीस."

डेल्बर्टनं चेंडू स्वतःकडे ओढला.

"या माणसाच्या थांब्यावर सहा वर्षं कुणी नाही. तेरा गावं बदलली, ती त्यानं सोडली नाहीत, त्याच्या पायाखालून निघून गेली. तो कुठल्या गावात आहे हे त्यानं लक्षात ठेवायचं तरी कशावरून? माझ्या चिलीवरून? त्याची बायको आणि पोर इथे येऊ देत, मग विसरला तर मला सांगा. आणि खोटं बोल असं त्याला मी सांगितलं होतं. नऊ दिवस सांगत होते. शेवटी आज त्यानं ऐकलं नाही. माझं झालं. उरलेली मिनिटं जॉयसला द्या, तिला भाच्याबद्दल सांगायला पुरतील."

मी त्या बुटक्या खुर्चीत परत बसले.

मतदान हात वर करून झालं. विरोधात जॉयस आणि दोघं. बाजूनं तिघं. सगळे डेल्बर्टकडे बघायला लागले. तो चेंडूकडे बघत होता. अंगठ्यानं पाटी घासली, जणू अक्षरं निघताहेत का बघावं. मग पुटपुटला, "आता ही पाटी बदलावी लागणार," आणि हात वर केला.

बाहेर मोटारी लावायच्या जागेत, धान्याच्या कोठाराच्या सावलीत, डॉर्सीनं फोन लावला. मी गाडीत बसून राहायला हवं होतं. मी बसले नाही.

"रेनिटा," तो म्हणाला, "मिळालं." "मिळालं गं. नोकरी. इथलीच. वर्षाची नाही, कायमची."

मग रेनिटाचा आवाज आला, आणि तो रडका नव्हता, घाईचा होता. "थांब, शपथ घालते, थांब. केझिया! केझिया, इकडे ये. बाबा काय म्हणतोय ऐक."

धावत आल्याचा आवाज आला. "बाबा? आई कपाटं उघडायला लागलीये. आपण तुझ्याकडे येतोय?"

"हो."

"कपडे किती घेऊ? नेहमीचे दोन आठवड्यांचे?"

"नाही बेटा. सगळे घे."

एवढ्या वर्षांत ती बापाकडे फक्त उन्हाळ्यातच गेली होती.

"सगळे?" तिनं विचारलं. "थंडीचेपण?"

डॉर्सीनं डोळ्यांवर मनगट दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं फोन माझ्यापुढे केला. मी तो कानाला लावला.

"हो गं बाळ," मी म्हटलं. "थंडीचेपण."